रात्री पाणी पिणारं सिलिंडर

प्रश्न : काका, माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी ११ वर्षांची आहे. महिनाभर झाला, सकाळी पहिल्यांदा सुरू केली की मिनिटभर थरथरते, मागून पांढरा धूर येतो, मग दिवसभर शहाण्यासारखी चालते. कुलंटच्या बाटलीत आठवड्याला पेलाभर भर घालावी लागते, पण खाली फरशीवर थेंबही नाही. फिटरने तिसऱ्या नंबरचा प्लग आणि कॉइल बदलली, फरक शून्य. आता म्हणतो, 'हेड खोलू.' ऑइल तर स्वच्छ आहे. खोलू द्यावं का? आणि पुढच्या आठवड्यात कुंभार्ली घाटातून कराडला जायचंय, जाऊ का? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, निम्मं निदान तुमच्या 'सकाळी पहिल्यांदा' या दोन शब्दांतच आहे. गाडी तापलेली असताना बंद केली की कुलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, दाब लगेच उतरत नाही. सिलिंडरमध्ये मात्र तेव्हा दाब नसतो. हेड गॅस्केटला (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पातळ पत्र्याला) केसाएवढी फट असली, तरी तो दाब कुलंटला तिथून हळूहळू आत ढकलतो. सकाळी तुम्ही चावी फिरवता तेव्हा प्लग ओला, म्हणून मिसिंग, म्हणजे तो सिलिंडर पेटत नाही आणि गाडी थरथरते. पाणी वाफ होऊन निघून गेलं की गाडी पुन्हा साळसूद.

ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगलं, असं मानू नका. फट पाण्याच्या वाटेपासून थेट सिलिंडरपर्यंत असेल, तर ऑइलचा संबंधच येत नाही. उलट पावसाळ्यात शाळा-घर एवढंच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर धरतो, तो नुसत्या दमटपणाचा. तो पाहून घाबरलेली बरीच गिऱ्हाइकं मी चहा पाजून परत पाठवलीत.

हेड खोलायची घाई नको. आधी एक रात्र द्या. इंजिन पूर्ण गार झाल्यावर (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतो) झाकणाच्या जागी प्रेशर पंप (दाब दाखवणारा काटा असलेला हातपंप) लावायचा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही. काटा कुठे आहे त्याची खूण करून गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी काटा खाली आणि फरशी कोरडी, म्हणजे पाणी आत गेलं. हीटरजवळचा, पायाखालचा गालिचा तेवढा चाचपून बघा, तिथेही पाणी मुरतं.

मग चारही प्लग काढून एका ओळीत मांडा. पाणी खाणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा चकचकीत असतो, कधी त्यावर पांढुरका थर असतो. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कॉइल सुट्या करा, भोकांवर जुना पंचा टाका आणि स्टार्टर फिरवा. दोषी भोकातून गोडसर वासाचा फवारा उडतो. तोंड मात्र वर नेऊ नका. बारीक कॅमेरा असला तर आत बघाच. तीन पिस्टन काजळीने काळे आणि एक राखेने घासलेल्या भांड्यासारखा लख्ख दिसला, तर पुढे वाद उरत नाही.

प्लग काढूनच फिरवा, हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये नवा असताना एका गाडीला प्लग न काढता सेल्फ मारला. सिलिंडर पाण्याने भरला होता, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. त्या महिन्याचा पगार मालकांनी कापला नाही, पण आठवडाभर बोलले नाहीत.

निळ्या द्रवाची चाचणीही असते. रेडिएटरच्या तोंडातला वायू त्यातून जाऊ दिला आणि रंग पिवळा झाला, तर ज्वलनाचा वायू कुलंटमध्ये येतोय. पण बारीक फटीत रंग निळाच राहू शकतो. तेवढ्यावरून गाडीला क्लीन चिट देऊ नका.

तिसऱ्या नंबरचाच सिलिंडर दोषी निघाला, तर हेड खुशाल काढू द्या. पण नुसतं गॅस्केट घालून बसवू देऊ नका. हेड लेथवाल्याकडे पाठवा, सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटी बघा. कंपनीची मर्यादा बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, आणि तडा आहे का ते दाब देऊन तपासून घ्या. बोल्ट नवे. आणि गाडी पूर्वी कधी तापली होती का, फॅन आणि थर्मोस्टॅट ठीक आहेत का, हेही विचारा, नाहीतर नवं गॅस्केटही जाईल. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद घालायचा सल्ला कुणीतरी देईलच. हळद भाजीत घाला.

घाटाचं म्हणाल तर नाही. चढावर कुलंट कमी पडलं तर गॅस्केटचं काम हेडवर जाईल. या वेळी एसटीने जा. आणि फवारा कुठल्या भोकातून आला ते कळवा.