बेसमेंटमधली आरोळी

(सप्टेंबर २०२०)

ताई, नमस्कार.

आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. मी एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासी केंद्रात, पीएसडब्ल्यू (काळजीवाहक) आहे. नवरा आयटीत, कोरोनामुळे मार्चपासून घरूनच काम करतो. मुलगा तेरा वर्षांचा, सहाव्या वर्षापासून हॉकी, म्हणजे बर्फावरची आइस हॉकी, खेळतो.

७ ऑगस्टला, शुक्रवारी रात्री, आमच्या टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाची कोलंबसशी मॅच होती. बापलेक बेसमेंटमध्ये. मी ड्यूटीवरून येऊन, अंघोळ करून वर पडले होते. अकराच्या सुमारास पुण्याहून भावाचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेआठ. बाबा गेले. आणि नेमकी तेव्हाच खालून अशी आरोळी आली की घर दणाणलं. लीफ्स जिंकले होते. मुलगा नाचत जिना चढून वर आला, "आई, तीन गोलांनी मागे होतो आणि जिंकलो!" मी फोन कानाला लावून उभी.

बाबा बारा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. भावालाही आत सोडत नव्हते. एका सिस्टरने दोनदा व्हिडिओ कॉल लावून दिला, तेवढंच. एप्रिलमध्ये मी इथे किती जणांच्या आईवडिलांसमोर आयपॅड धरून उभी राहिले, मोजलं नाही. माझ्या बाबांसमोर कोणीतरी फोन धरला. मला जाता आलं नाही. भाऊ म्हणाला, येऊन काय करणार, अंत्यदर्शनही देत नाहीत. बाबा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचे. यंदा पालखी एसटीतून गेली, ती त्यांनी टीव्हीवर पाहिली. तीच शेवटची.

रविवारी, ९ तारखेला, पुढची मॅच होती. मी सुतकात, आणि नवरा खाली जाऊन मॅच बघत बसला. आवाज बारीक करून. तो बारीक केलेला आवाजच मला जास्त लागला. तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. तो म्हणतो, "मार्चपासून या घरात एवढी एकच बरी गोष्ट आली. खेळ थांबवून कोणाचं भलं होणार होतं? आणि तुझा राग हॉकीवर नाहीच, तू तो तिथे काढतेस." पण ताई, मला हॉकीचाच राग येतो. त्या खेळाडूंची रोज टेस्ट होते, आमची पंधरा दिवसांनी. ते अमेरिकेतून आले तर चौदा दिवस खोलीत बसावं लागलं नाही. मी पुण्याहून आले असते तर बसले असते, बिनपगारी. आणि त्यांचे सामने जोरात चालू असताना, १३ ऑगस्टला, आम्हाला तासाला जे चार डॉलर जास्त मिळत होते ते बंद झाले.

मुलगा आता हॉकीचं नाव काढत नाही. जर्सीही कुठेतरी कोंबून ठेवली आहे. ते एक बरं झालं. मी चुकते आहे का?

– ब्रॅम्प्टनहून एक आई

*

तुमचं पत्र ऐन पितृपंधरवड्यात आलं. उत्तराला उशीर झाला, कारण पहिलं लिहिलेलं उत्तर मी फाडून टाकलं. त्यात मी तुमच्या नवऱ्याचंच वाक्य जरा गोड करून लिहिलं होतं. राग हॉकीचा नाही, दुःखाचा आहे, वगैरे. मग स्वतःचीच लाज वाटली. कोणी सांगतंय की मला अमुक गोष्टीचा राग आला, तर आधी ती गोष्ट रागावण्यासारखी आहे का, हे तरी बघावं.

तर ती बघू. लीग, म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक हॉकीची एनएचएल, १२ मार्चला थांबली. त्याच दिवशी तुमच्या मुलाची हॉकीही थांबली असेल, कारण हॉकी कॅनडा या देशातल्या संघटनेनेही त्याच दिवशी सगळं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग १ ऑगस्टला चोवीस संघांना घेऊन लीग परत आली. पूर्वेचे संघ टोरांटोत, पश्चिमेचे एडमंटनमध्ये. प्रत्येक संघामागे जास्तीत जास्त ५२ माणसं, ठरलेली हॉटेलं, ठरलेला रिंक, भोवती कुंपण. चौदा दिवस खोलीत बसण्यातून सुटका झाली हे खरं, पण त्याच्या बदल्यात अख्खा ताफाच कोंडून घेतलेला. कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टेस्टचा खर्च लीगचा. एवढं त्यांच्या बाजूने बोलायला हवं, म्हणून बोलले.

आता तुमची बाजू. लीग दर आठवड्याला आकडा जाहीर करते आहे, आणि प्रत्येक वेळी बाधित शून्य. शून्य! जगभर हाहाकार चाललेला असताना शेकडो माणसं एकमेकांच्या अंगावर आदळताहेत, एकाच बाकावर धापा टाकताहेत, आणि बाधित कोणी नाही. लोक याचं कौतुक करतात, मीही केलं. तुमचं पत्र वाचल्यावर तो आकडा वेगळा दिसायला लागला. दार नीट बंद केलं, रोज तपासलं, आत येणाऱ्याला आतच ठेवलं, तर हा आजार बाहेर ठेवता येतो, हे त्या शून्याने सिद्ध केलं. आणि याच देशात पहिल्या लाटेत दर पाच मृत्यूंमागे सुमारे चार नर्सिंग होममधले होते. ओंटारिओ आणि क्युबेक या प्रांतांत तिथे लष्कर पाठवावं लागलं. तुम्ही त्या दाराच्या आत होता. काय करता येत होतं आणि ते कोणासाठी केलं गेलं, हे दोन्ही तुम्हाला एकाच उन्हाळ्यात बघावं लागलं. याचा राग येत नसता तर मी काळजी केली असती.

तो राग खेळाडूंवर काढण्यात मात्र अर्थ नाही. तुमचे चार डॉलर त्यांनी बंद केले नाहीत. तुमच्या आमदाराचं, म्हणजे एमपीपीचं, कार्यालय आहे ना जवळपास, तिथे लिहा. पत्र नवऱ्याला टाइप करायला सांगा. आयटीत आहे, घरी आहे, करेल.

आता त्याच्याबद्दल. "खेळ थांबवून कोणाचं भलं होणार होतं" हे त्याचं वाक्य. त्याला सांगा, एकदा थांबला होता. १९१९ साली सिएटलमध्ये स्टॅनले कपची, म्हणजे या हॉकीच्या सर्वोच्च विजेतेपदाची, फायनल इन्फ्लुएंझामुळे अर्ध्यावर सोडावी लागली. माँट्रियलचे इतके खेळाडू अंथरुणाला खिळले की संघच उभा राहीना. त्यातला 'जो हॉल' नावाचा बचावपटू काही दिवसांनी तिथल्याच हॉस्पिटलमध्ये वारला. त्या वर्षी कप कोणालाच दिला नाही. हॉकी काही बुडाली नाही.

पण माणूस वाईट नाही हो तुमचा. बर्फात जन्म न गेलेल्या आपल्या माणसांना हॉकीचा लळा कसा लागतो, हे मी तीस वर्षं बघते आहे. ऑफिसात सोमवारी सकाळी कशावर बोलायचं, याचं ते पहिलं उत्तर असतं. तुमच्या ब्रॅम्प्टनमध्ये तर शेजारी पंजाबी कॉमेंट्री लावून बसतात. हळूहळू आपण लीफ्सच्या बाजूचे होतो, १९६७ पासून कप नाही म्हणून उसासे टाकायला शिकतो, आणि एक दिवस लक्षात येतं की मुलाशी बोलायलाही हाच एक विषय उरला आहे. तेरा वर्षांचा मुलगा आणि बाप रोज कशावर बोलणार? मार्च ते जुलै तुमच्या घरात ते बोलणंही बंद झालं असेल. ते परत आलं, म्हणून तो त्याला "बरी गोष्ट" म्हणाला.

मीही पाहिली बरं का. ११ ऑगस्टला टॅम्पा आणि कोलंबसची मॅच दुपारी तीनला सुरू झाली, मी गवार निवडायला घेतली. बरोबरी सुटेना म्हणून जादा वेळ, असे पाच ओव्हरटाइम! गवार निवडून झाली, भाजी झाली, जेवणं झाली, भांडी झाली, तरी चालूच. रात्री नऊनंतर कुठे संपली. त्याच रिंकवरची पुढची बॉस्टनची मॅच दुसऱ्या दिवशी सकाळवर गेली. कोलंबसच्या गोलकीपरने ८५ गोल अडवले आणि हरला. मी हसत होते, ओरडत होते. त्या आठवड्यात माझी एक मैत्रीण मुंबईत ऑक्सिजनवर होती. दोन्ही एकाच संध्याकाळी झालं आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा शुक्रवारच्या आरोळीबद्दल तुमच्या नवऱ्याकडे दोष नाही. रविवारचा आहे. सुतकाचे दिवस कोणाला किती, ते मोजायला मी बसत नाही. त्या रात्री मॅच बघायची होती तर आधी वर येऊन, तुमच्या शेजारी बसून विचारायचं, "आज मी इथेच थांबू का?" तुम्ही कदाचित "जा, बघ" म्हणाला असता. न विचारता, आवाज बारीक करून, चोरून बघितल्यासारखं बघितलं, ते लागलं. मोठ्याने लावली असती तर निदान भांडता आलं असतं. याची माफी त्याने मागायला हवी, आणि तीही "हॉकीबद्दल सॉरी" अशी नव्हे. त्याने हे वाचावं म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे.

पण हे सगळं थांबू शकतं. तुमच्या पत्रातली एक ओळ थांबू शकत नाही. मुलगा हॉकीचं नाव काढत नाही, जर्सी कोंबून ठेवली, "ते एक बरं झालं." बरं झालेलं नाही. तो वर आला तेव्हा त्याला माहीत नव्हतं. तो आजोबा गेल्याच्या क्षणी नाचत होता, असं आता त्याच्या डोक्यात बसलं असणार. महिना उलटून गेला आणि घरात त्यावर कोणी बोललेलं नाही, कारण मोठी माणसं मॅचवरून भांडताहेत. त्याला वाटत असेल, भांडण आपल्यामुळेच.

आजच सांगा. स्वयंपाकघरात, हाताला काहीतरी काम असताना, समोरासमोर बसवून नको. सांगा की फोन आधी वाजला होता, तू वर आलास तेव्हा तुला काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी तेव्हा तुला काही बोलले नाही याचं कारण तू नव्हतास. एकदा सांगून पुरणार नाही. सांगताना रडू आलं तर येऊ द्या.

त्याला आणखी बोलायचं असेल तर बापाला पुढे करा, आणि विषय हॉकीचाच काढू द्या. यंदा या खेळात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. कॅल्गरीचा खेळाडू ट्रॅव्हिस हॅमोनिक खेळायला आलाच नाही, कारण त्याच्या लहान मुलीला आधी श्वसनाचा गंभीर आजार होऊन गेला होता. बॉस्टनचा गोलकीपर टुक्का रास्क १५ ऑगस्टला, ऐन मॅचच्या दिवशी, घरच्यांसाठी बॅग उचलून निघून गेला. काही चाहते त्याच्यावर तुटून पडले, काहींनी पाठ थोपटली. मुलाला विचारा, तू काय केलं असतंस? उत्तर दुरुस्त करू नका. तेराव्या वर्षी मुलं जे बोलतात ते अर्धं चाचपणीचं असतं.

बाबांविषयी एक. तुम्ही ती वारीची ओळ सहज लिहून गेलात. अख्खा जन्म ज्या गर्दीत चालले, ती गर्दी यंदा नव्हती, रस्ता रिकामा, पालखी बसमध्ये. तरी त्यांनी टीव्ही लावला. हात जोडले का, डोळे पुसले का, की "ही काय वारी झाली" म्हणून चिडले? मला माहीत नाही, तुमच्या भावाला माहीत असेल. त्याला विचारा, आणि तो सांगत असताना मुलाला शेजारी बसवा. त्याला आजोबांची शेवटची गोष्ट म्हणून ती आरोळी सोडून दुसरं काहीतरी मिळेल.

कामाचं थोडं. ओंटारिओत वडील गेल्यावर कायद्याने दोन दिवसांची बिनपगारी रजा असते. दोन दिवस! त्यापेक्षा जास्त लागली तर फॅमिली डॉक्टरशी बोला. झोप लागत नसेल तरीही बोला. आयपॅड धरून उभं राहण्याचं जे तुम्ही लिहिलंत, तेही त्यांना सांगा, नुसतं "वडील गेले" एवढ्यावर थांबू नका.

आणि घरातला टीव्ही. उद्या, १९ सप्टेंबरला, एडमंटनमध्ये डॅलस आणि टॅम्पाची फायनल सुरू होते आहे. बघू नका असं मी म्हणणार नाही, बघा असंही नाही. नवऱ्याने आधी विचारावं. तुम्हाला नको असेल तर "आज नको" म्हणा, कारण द्यायची गरज नाही. बघणार असाल तर आवाज पूर्ण बंद करून बघा. स्टेडियम रिकामं आहे, तो प्रेक्षकांचा गलका व्हिडिओ गेममधून आणून वरून घातलेला आहे. तुमच्या घरात सध्या तो नसलेलाच बरा. आवाज नसला की मुलगा आपोआप कॉमेंट्री करायला लागेल, बघा.

जर्सी बहुतेक हॉकीच्या बॅगेत, स्केट्सच्या खाली असेल. मुलं तिथेच कोंबतात. मार्चपासून न उघडलेली बॅग म्हणजे वास येईल, तयारीत राहा. गार पाण्यात धुवा, उलटी करून. ड्रायरमध्ये घालू नका, पाठीवरचे आकडे सुटतात.