काउंटर दोनवर जुनाच दर

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी जावात लिहिलंय. सभासद आणि दरपत्रक डेटाबेसमधून एकदा वाचलं की स्टॅटिक हॅशमॅपमध्ये (क्रमांकावरून नोंद लगेच काढून देणारी, रॅममधली यादी) ठेवतो, त्यामुळे सकाळची रांग पटापट सरकते. पण २१ तारखेला सचिवांनी काउंटर एकवर नवा दर भरला आणि काउंटर दोनवर दोन वेळचं दूध जुन्याच दराने गेलं. प्रोग्रॅम बंद करून चालू केल्यावर सुधारलं. कुठे चुकलं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : दोन्ही काउंटरचे मॅप आपापल्या रॅममध्ये. एकवर दर बदलला हे दोनला कोण सांगणार? ‘स्टॅटिक’ची हद्द त्या एका चालू प्रोग्रॅमपुरती.

पण मला दरापेक्षा सभासदांची जास्त धास्ती वाटते. एका पतसंस्थेसाठी मी असाच मॅप केला होता. क्लार्कने एका खातेदाराचा पत्ता बदलायला घेतला आणि अर्ध्यावर ‘रद्द’ दाबलं. डेटाबेसला धक्का नाही. पण स्क्रीनने मॅपमधलंच ऑब्जेक्ट, म्हणजे त्या नोंदीची रॅममधली प्रत, बदलून ठेवलं होतं. संध्याकाळी त्याच ऑब्जेक्टवर व्याज जमा झालं आणि सेव्ह होताना रद्द केलेला पत्ताही निमूटपणे आत गेला. पुढची नोटीस भलत्याच घरी!

तुम्ही एकाच मॅपकडून दोन कामं करून घेताय. एका व्यवहारात डेटाबेसमधल्या एका ओळीचं एकच ऑब्जेक्ट असावं म्हणून ठेवतात तो आयडेंटिटी मॅप. व्यवहार संपला की तो टाकून द्यायचा. जावा आणि डेटाबेस जोडणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीचं सेशन हेच करतं. दुसरं काम कॅशेचं, म्हणजे डेटाबेसच्या फेऱ्या वाचवायला हाताशी ठेवलेल्या साठ्याचं. तो सगळ्यांचा, म्हणून त्यात जिवंत ऑब्जेक्ट ठेवायचं नाही. हायबरनेटचा दुसऱ्या पातळीचा कॅशेही सहसा नुसती मूल्यं ठेवतो आणि दर वेळी नवं ऑब्जेक्ट उभं करतो.

सभासदाची नोंद बदलली की ती कॅशेतून काढून टाका, तीही कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल डेटाबेसात पक्का झाल्यावर. आधी काढलीत तर मधल्या क्षणी कुणी जुनी ओळ वाचून परत आत ठेवतो. नवं मूल्य कॅशेत भरायचा मोहही नको : पाठोपाठ दोन बदल झाले तर डेटाबेसात दुसरा आणि कॅशेत पहिला, असंही होऊ शकतं. काढणं मात्र दोनदा झालं तरी बिघडत नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३च्या निबंधात आपल्या मेमकॅश या सामायिक कॅशेबद्दल हेच कारण दिलंय. तरी एक फट उरतेच. कमिटच्या आधी वाचलेली ओळ कुणी उशिराने आत ठेवली तर? शिवाय दुसऱ्या काउंटरचा कॅशे तुमच्या हातात नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला मुदत द्या; पाच मिनिटं पुरेत. दोन काउंटरसाठी रेडिस वगैरे सामायिक कॅशे बसवायच्या भानगडीत पडू नका.

दरपत्रकाला यातलं काहीच लागत नाही. दर बदलला असं आपण म्हणतो, पण जुना दर त्याच्या तारखांपुरता तसाच राहतो आणि नवा सुरू होतो. फॅट-एसएनएफचा (दुधातला स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ यांवरून दर देणारा) प्रत्येक तक्ता क्रमांक आणि लागू तारीख देऊन साठवा; भरलेला तक्ता पुन्हा दुरुस्त करायचा नाही. मग तो खुशाल दिवसभर रॅममध्ये राहू दे. प्रत्येक पावतीला डेटाबेसला एवढंच विचारा, आत्ता कितवा तक्ता लागू? काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत उत्तर आलेलं असतं.

तो क्रमांक पावतीवरही छापा. आणि २१ तारखेच्या त्या दोन वेळचा फरक महिनाअखेरच्या बिलात घाला, सभासद विचारायला यायच्या आधी.