जीमॅटच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये शेवटच्या दोन पर्यायांवर अडकतोस? ठाण्याच्या घोडबंदर रोडचं उदाहरण घेऊन बघू

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत आयटीत नोकरी, पुढच्या वर्षी जर्मनीत एमबीएला जायचंय, जीमॅटच्या (एमबीए प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) सरावात गणित चांगलं जातं, पण क्रिटिकल रीझनिंगमध्ये (छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांत) शेवटी दोन पर्याय उरतात आणि त्यातला चुकीचाच निवडला जातो. मी ठाण्याच्या नौपाड्यातली. जीमॅट देऊनच जर्मनीत मॅनहाइमला शिकायला आले आणि आता इथेच नोकरी करते. हा भाग मला मनापासून आवडायचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनी जीमॅट जानेवारी २०२४ अखेर बंद झाली. आताच्या परीक्षेत सेंटेन्स करेक्शन (वाक्यातली चूक सुधारायचे प्रश्न) नाही. व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषेच्या विभागात, ४५ मिनिटांत २३ प्रश्न येतात आणि ते फक्त उताऱ्यांवरचे आणि क्रिटिकल रीझनिंगचे असतात. एकूण गुणांमध्ये क्वांट (गणित), व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स (तक्ते, आलेख वगैरे माहितीवरचे प्रश्न) या तिन्हींचं वजन सारखं आहे. त्यामुळे गणिताच्या जोरावर व्हर्बल सांभाळून नेता येईल, असं धरू नकोस.

दोन पर्याय उरतात तेव्हा घोटाळा बहुतेक वेळा पर्यायांच्या आधीच झालेला असतो. लेखकाने नेमका कशाचा दावा केलाय, ते पक्कं धरलेलं नसतं. समज, उतारा असा आहे (काल्पनिक आहे, पण गाव आपलं): घोडबंदर रोडवर सकाळी अवजड वाहनांना बंदी घातली. पुढच्या महिनाभरात कासारवडवलीहून माजिवड्याला पोहोचायला लागणारा वेळ घटला. म्हणजे बंदीमुळे या रस्त्यावरची कोंडी कमी झाली. प्रश्न: कोणत्या माहितीने हा निष्कर्ष सर्वांत जास्त कमकुवत होतो?

पर्याय बघायच्या आधी थांब आणि मनात मराठीत म्हण: पुरावा काय? बंदीनंतर वेळ घटला. दावा काय? बंदीमुळेच घटला. मधली फट कुठे आहे? त्याच काळात दुसरं काही बदललेलं असू शकतं. एवढं म्हणायला दहा-पंधरा सेकंद पुरतात.

आता पर्याय. एक: अवजड वाहनं दुसऱ्या रस्त्यांवर वळली आणि तिथली कोंडी वाढली. दोन: बंदी मे महिन्यात सुरू झाली, तेव्हा शाळांच्या बसगाड्या बंद होत्या. तीन: मेट्रोचं काम हेच कोंडीचं मुख्य कारण आहे, असं बऱ्याच वाहनचालकांना वाटतं. चार: बंदी दिवसभर हवी, अशी रहिवाशांची मागणी आहे.

चौथा लगेच उडतो. तिसरा ठाणेकराला खुणावतो, कारण मेट्रोसाठी खणलेला रस्ता आपण डोळ्यांनी पाहिलाय. पण पर्याय सांगतो ते चालकांचं मत, आणि वेळ का घटला यावर त्या मताने काहीच प्रकाश पडत नाही. परीक्षेत तुझी स्वतःची माहिती बाजूला ठेवावीच लागते, आणि विषय ओळखीचा असला की ते जास्त अवघड जातं. उरले पहिला आणि दुसरा. पहिल्याने बंदी वाईट ठरते, हे खरं. पण दावा ‘बंदी चांगली’ असा नव्हताच, ‘या रस्त्यावरची कोंडी बंदीमुळे घटली’ असा होता. दुसरा पर्याय वेळ घटण्याचं वेगळं कारण देतो, म्हणून उत्तर तो.

तुझे चुकलेले प्रश्न काढून बघ. तू निवडलेला पर्याय बहुतेकदा या पहिल्यासारखा असेल: विषयाला धरून, पटणारा, पण दुसऱ्याच दाव्यावर बोलणारा.

याच उताऱ्यावर बाकीचे प्रकारही करून बघ. निष्कर्ष बळकट करायचा असेल तर ‘बंदी नसलेल्या शेजारच्या रस्त्यावर त्याच महिन्यात वेळ घटला नाही’ हे चालेल. गृहीतक विचारलं तर पर्यायाचं उलट विधान कर. ‘त्या काळात इतर वाहनं कमी झाली नव्हती’ हे उलटवलं की ‘कमी झाली होती’ असं होतं आणि युक्तिवाद लगेच डळमळतो. म्हणजे ते गृहीतक आवश्यक आहे. ठळक अक्षरांतल्या वाक्यांच्या प्रश्नात प्रत्येक वाक्याची भूमिका ओळखायची: पुरावा, दावा की विरोधकाचं म्हणणं. सवयीने जमतं ते.

अनुमानाचे प्रश्न मात्र वेगळ्या शिस्तीचे. तिथे दिलेली विधानं खरी धरायची आणि त्यांतून जे अटळपणे निघतं तेवढंच घ्यायचं. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘बहुतेक’ या शब्दांशी थांब. टक्केवारी आणि संख्या यांची गल्लत तर हमखास पेरलेली असते. वाशीच्या एपीएमसीत आलेल्या आंब्यांत हापूसचा वाटा ६० टक्क्यांवरून ५० वर आला, असं दिलं असेल तर हापूसच्या पेट्या घटल्या असं म्हणता येत नाही. एकूण आवकच वाढली असेल तर पेट्या वाढलेल्याही असू शकतात.

वेळेचं म्हणशील तर प्रत्येक प्रश्नाला सरासरी दोन मिनिटांहून थोडा कमी मिळतो. अडीच मिनिटं झाली तर उत्तर निवड आणि पुढे जा. प्रत्येक विभागात शेवटी तीन उत्तरं बदलता येतात, पण वेळ उरला तरच. प्रश्न उत्तर न देता राहिले तर गुण कापले जातात.

सरावासाठी अधिकृत प्रश्नच वापर. नकली प्रश्नांमधले पर्याय ढिले असतात आणि त्यांवर चुकीची सवय लागते. रोज दहा प्रश्न पुरे, पण चुकलेल्या प्रत्येकासाठी वहीत दोन ओळी लिही: दावा काय होता आणि मी निवडलेला पर्याय कोणत्या दाव्याबद्दल होता. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत वही उघडता येणार नाही. तिथे मोबाइलवर मराठी अग्रलेख वाच आणि त्यातला निष्कर्ष शोध. सराव तोच होतो.

दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात. म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी निदान तीन महिने पहिला प्रयत्न ठेव. अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत आहेत. पहिली या शनिवार-रविवारी दे आणि वहीतले अडलेले युक्तिवाद तुझ्या शब्दांत मला लिहून पाठव, मी बघते.