धारवाडच्या बाई आमच्या कोण?

प्रश्न : लाळेची डीएनए चाचणी केली. धारवाडच्या एका कन्नड बोलणाऱ्या बाईंशी २१० सेंटिमॉर्गन (दोघांच्या डीएनएतला सारखा भाग मोजायचं माप) जुळले. घरात त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही. चूक असेल का?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, एवढा आकडा उगाच येत नाही. पणजोबा-पणजी एक असलेल्या भावंडांत साधारण इतकंच जुळतं. मात्र आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं पिढ्यान् पिढ्या झाली. त्यानं आकडा फुगतो, लांबचं नातं जवळचं दिसतं. भाषेवर जाऊ नका. १९५६पर्यंत बेळगाव, धारवाड दोन्ही मुंबई राज्यातच. तिकडे दिलेल्या लेकींची नातवंडं कन्नडच बोलणार.

आधी तुमच्या घराण्याचा हेळवी, म्हणजे वंशावळ सांगत फिरणारा, गाठा. आमच्या निपाणीच्या घरी तो सुगीनंतर यायचा. सोप्यात घोंगडं टाकून बसायचा आणि वही न उघडता खापरपणजोबांपर्यंत नावं म्हणायचा. एकदा जोंधळे घेताना म्हणाला, "ह्यांचा एक भाऊ घटप्रभेपल्याड गेला." आई कितीतरी वेळ रिकामं सूप धरून तशीच उभी होती.

बाईंना त्यांचं आजोळ विचारा. तुमच्या आईचीही चाचणी करा, म्हणजे नातं आईकडचं की वडिलांकडचं ते कळेल. आणि जुळलं, तर फोनवर भागवू नका. जाऊन भेटा.