अधिकारी असताना लष्करात नाईक आणि हवालदार नेमकं काय करतात?

हुकूम अधिकारी देतो, पण तो प्रत्यक्षात उतरतो तो नाईक-हवालदारांच्या हातून. शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेला माणूस लान्स नाईक, नाईक आणि हवालदार होतो. दंडावर अनुक्रमे एक, दोन, तीन फिती. नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंतचे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) त्याच्या वरचे. पुष्कळजण जेसीओ आणि हवालदार यांच्यात घोळ करतात.

सुमारे दहा जवानांचा सेक्शन नाईक किंवा हवालदाराच्या ताब्यात असतो. कोणाची रायफल साफ नाही, लांब मार्चनंतर कोणाच्या पायाला फोड आलेत, घरून फोन आल्यापासून कोण गप्प आहे, हे त्याला आधी कळतं. बूट काढायला लावून पाय तपासणारा तोच. असे तीन सेक्शन मिळून प्लाटून होते; तिचा प्लाटून हवालदार दारूगोळा, रसद आणि जखमींना मागे नेणं बघतो. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो, हवालदार मात्र पलटणीतच मुरलेला असतो. माझ्या मते नव्या लेफ्टनंटचा खरा गुरू तोच.

लढाईतलं उदाहरण हवं तर नाईक यशवंत घाडगे, ५ मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, ते एकटेच उरले. तरी ते थेट मोर्च्यावर धावून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगनच्या दस्त्यानेच लढले. तिथेच त्यांना वीरमरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राहत असाल तर शिरोळ तालुक्यातल्या, सैनिकांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सैनिक टाकळीला जा आणि एखाद्या निवृत्त हवालदाराशी बोला. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी तर नक्कीच.