डोळा मधूनच बाहेर जातो: ऑपरेशनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची आहे. दमली किंवा शून्यात बघत बसली की तिचा उजवा डोळा बाहेर सरकतो, हाक मारली की जागेवर येतो. उन्हात ती एक डोळा मिटते. ऑपरेशन आत्ताच करावं का?

हाकेसरशी डोळा परत येतो, म्हणजे दोन्ही डोळे जोडीने वापरणं तिला अजून जमतंय. त्यामुळे घाई नको. डोळा किती बाहेर जातो यापेक्षा दिवसातला किती वेळ बाहेर राहतो, याला आमच्या लेखी जास्त महत्त्व आहे. आधी थेंब घालून नंबर तपासून घ्या. मायनस नंबर निघाला तर नुसत्या चष्म्यानेही पुष्कळदा डोळ्यावरचा ताबा सुधारतो. जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ डोळा बाहेर राहू लागला, पापण्यांची उघडझाप करूनही परतेनासा झाला किंवा वस्तू किती जवळ-दूर आहे हे ओळखण्याच्या चाचणीत घसरण दिसली, तर मात्र लांबवू नका.

प्रश्न: एक डॉक्टर दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सांगतात, दुसरे एकाच डोळ्याचं. बाहेर तर एकच डोळा जातो!

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण बिघाड एका डोळ्यात नसून जोडीच्या समतोलात असतो. डोळा बाहेर ओढणारा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण 7 मिमी मागे चिकटलेला असतो. पहिल्या पद्धतीत दोन्ही डोळ्यांचा हा स्नायू टाका घेऊन सोडवतात आणि मोजून मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर शिवतात, म्हणजे त्याची ओढ सैलावते. दुसऱ्या पद्धतीत एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायू मागे नेतात आणि नाकाकडचा थोडा कापून आखूड करतात. 3 ते 10 वर्षांच्या मुलांवरच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तीन वर्षांनी असमाधानकारक निकालाचं प्रमाण पहिल्या पद्धतीत 46 टक्के, दुसरीत 37 टक्के होतं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही.

पद्धतीच्या वादापेक्षा मोजमापाबद्दल विचारा. प्रचलित तक्त्यानुसार दोन्ही डोळ्यांच्या ऑपरेशनात 20 प्रिझम डायॉप्टरला (डोळा किती कोनात वळलाय ते मोजायचं एकक) प्रत्येक स्नायू 5 मिमी, 30 ला 7 मिमी मागे नेतात. मूल नकळत डोळा आवरून धरतं, म्हणून कोन खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि ऑपरेशन अपुरं पडतं. एका डोळ्यावर अर्धा ते एक तास पट्टी ठेवून, ती काढल्यावर मुलाला दोन्ही डोळ्यांनी एकत्र बघू न देता, दूरचं आणि जवळचं माप पुन्हा घेतलं की खरा कोन कळतो.

प्रश्न: ऑपरेशनला चार दिवस झाले. मुलाचा डोळा आता किंचित आत वळलाय, त्याला एकाचे दोन दिसतात. काही चुकलं का?

बहुधा नाही. डोळा पुढे हळूहळू बाहेरच सरकतो, म्हणून सुरुवातीला साधारण 10 प्रिझम डायॉप्टर आत असलेला बराच वेळा मुद्दाम ठेवतात. दोन दिसणं काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही राहिलं तर आलटूनपालटून पट्टी, मग चष्म्यावर प्रिझम (दोन प्रतिमा जुळवणारी काच). लहान मुलात हे रेंगाळू देऊ नका. आत राहिलेल्या डोळ्याची नजर मंदावू शकते.

एक गोष्ट आजच घरी बघा. त्याचं डोकं स्थिर धरा आणि खेळणं दोन्ही बाजूंना न्या. डोळा बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतच नसेल, तर शिवलेला स्नायू निसटल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. वाढतं दुखणं, सुजलेल्या पापण्या, पू किंवा अंधूक नजर असेल तरीही तसंच. नुसता लालपणा काही आठवडे राहतोच.

प्रश्न: डोळा पुन्हा बाहेर जाईल का?

जाऊ शकतो, कधी काही वर्षांनीही. तेव्हा आधी हात न लावलेल्या स्नायूंवर दुसरं ऑपरेशन करता येतं. पहिल्या वेळी कोणता स्नायू किती मिमी हलवला, याची लेखी नोंद मागून जपून ठेवा.