शांघायच्या लग्नात आहेर किती आणि कसा

पुढच्या महिन्यात तुम्ही शांघायला येताय आणि नव्या ऑफिसातल्या एकीने आत्ताच लग्नाचं आमंत्रण दिलंय. पैठणीची पर्स आणि 501 युआनचं पाकीट चालेल का, असं विचारलंत. पर्स जरूर आणा. वरचा एक युआन मात्र घालू नका.

इथे शुभ गोष्ट जोडीने येते असं मानतात, म्हणून लग्नाच्या लाल पाकिटात, म्हणजे होंगबाओत, सम रक्कम घालतात. विषम रक्कम पांढऱ्या पाकिटातून मयताच्या घरी जाते. इथे मी पाहुणी म्हणून गेले त्या पहिल्या लग्नाला मीही 501 नेले होते. हॉलच्या दारात एका सहकारिणीने किती घातलेत विचारलं, हाताला धरून बाजूला नेलं आणि एकचं नाणं काढून शंभराची नोट घालायला लावली. 600 झाले. सहा म्हणजे सगळं सुरळीत. आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो, चाराचा मरणाच्या, त्यामुळे 400 कधीच नाही. 250 ही तर 'मूर्ख' अशी शिवी आहे.

ऑफिसातल्या ओळखीला मी 800 देते, जवळच्या मैत्रिणीला त्याच्या दुप्पट. हा हिशोब सगळ्या चीनला लावू नका. ग्वांगडोंगमध्ये पाकिटं बरीच लहान असतात, आणि काही भागांत यजमान नुसता कोपरा दुमडून पाकीट पैशांसकट परत देतात. शुभेच्छा पोचल्या, एवढाच त्याचा अर्थ.

दाराशी टेबलावर नाव आणि रक्कम वहीत उतरवतात. आपली आहेराची वहीच ती! उद्या तुमच्या घरी कार्य निघालं की ती उघडली जाते आणि तेवढंच किंवा थोडं जास्त परत येतं. म्हणून उत्साहाच्या भरात फार मोठी रक्कम घालू नका, त्या मुलीवर ओझं होईल. पाकिटावर नाव नक्की लिहा.

वस्तू द्यायची तर भिंतीवरचं घड्याळ नको. 'घड्याळ देणं' हे बोलताना 'अखेरच्या क्षणी सोबत करणं' असं ऐकू येतं. छत्रीही नको, त्या शब्दात 'विखुरणं' ऐकू येतं. तुमच्यासमोर भेट उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तशी रीतच आहे.

एक प्रसंग मात्र डोळे भरून पाहा. नवी सून सासू-सासऱ्यांना चहा देते, पहिल्यांदा 'आई', 'बाबा' म्हणते, आणि त्या हाकेसाठी ते तिला होंगबाओ देतात. त्यात कित्येकदा 10,001 युआन असतात: दहा हजारांतून निवडलेली एक. वरचा तो एक पाहिला तेव्हा मला आईने पाकिटाला चिकटवलेला रुपया आठवला आणि रडू आवरेना.

पाकीट इथेच घ्या, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. त्यावर जोड-आनंदाचं अक्षर, म्हणजे शेजारी शेजारी दोनदा काढलेलं एकच अक्षर, आहे ना ते बघा. नववर्षाची पाकिटंही लालच असतात.